इरलं उचललं की साल बदलतं

सोहऱ्याच्या बाजारात तुमची छत्री चौथ्याच मिनिटाला उलटी होते. काड्या वर, कापड लोंबतंय आणि दांडा तेवढा तुमच्या हातात. कोणी हसत नाही, कारण जुलैत इथे रोज कोणाची तरी छत्री उलटी होतेच. पाऊस वरून पडतो ही तुमची समजूतही इथे उलटते. तो दरीतून वर चढून येतो आणि हनुवटीखालून कॉलरमध्ये शिरतो. चहाच्या टपरीतल्या काँग (थोरल्या बहिणीला आणि त्या वयाच्या कुठल्याही बाईला खासी लोक ‘काँग’ म्हणतात) तुमच्याकडे एकदा निरखून बघतात, आत जातात आणि बांबूच्या बारीक कामट्यांचं, मधे पानांचा थर घातलेलं, अर्ध्या शिंपल्याच्या आकाराचं काहीतरी घेऊन येतात. ते डोक्यावर ठेवतात आणि पाठीमागून कमरेखालपर्यंत सोडून देतात. याला त्या ‘क्नुप’ म्हणतात, पण तुम्हाला नवं नाव शिकायची गरज नाही. हे इरलं आहे. कोकणात, मावळात आवणाच्या चिखलात वाकलेल्या बायांच्या पाठीवर आजी-आजोबांनी पाहिलेलं, प्लॅस्टिकच्या कागदाने हद्दपार केलेलं आपलंच इरलं. ते इथे दोन हजारांहून जास्त किलोमीटरवर, बांगलादेशच्या डोक्यावरच्या या कड्यावर अजून नोकरीत आहे. आणि कारणही तेच: दोन्ही हात मोकळे राहतात.

दोनशे रुपये अनामत. अंधार पडायच्या आत परत आणायचं. शिवाय काँग पानात गुंडाळून एक पुडी देतात: सहा क्वाई. क्वाई म्हणजे ओल्या सुपारीची फोड, विड्याचं पान आणि पानावर बोटाने ओढलेला चुना. पूर्वी इथली माणसं अंतर क्वाईत सांगायची. अमुक गाव किती लांब? दोन क्वाई. म्हणजे वाटेत दोनदा तोंडात टाकावी लागेल इतकं. पुण्या-मुंबईचं कलकत्ता पान खाऊन तयार झालेल्या तुमच्या तोंडाला ही सुपारी पहिल्याच चावण्यात आपली जागा दाखवते. कान तापतात, कपाळाला घाम फुटतो, पायाखालची फरशी जरा सरकते.

इरल्याखालून माणसाला फार काही दिसत नाही. पुढची दोन हात जमीन, आपले पाय आणि कडेवरून गळणाऱ्या पागोळ्या. आजूबाजूला कुठलं गाव आहे, कुठलं साल आहे, याचा पत्ता लागत नाही. तसेच शंभरएक पावलं चालता आणि मान मोडून येते म्हणून इरलं जरासं उचलता.

बाजार नाही. टपरी नाही, विजेचे खांब नाहीत. दगडी जोत्याचे चार-दोन बंगले, चिखलात रुतलेली एक डोली, आणि एका अंगणात लाकडी चौथऱ्यावर ठेवलेलं पितळी नरसाळं. त्याच्याजवळ एक गोरा माणूस ओणवा होऊन काचेच्या मोजपात्रात डोळा घालून उभा आहे. त्याच्या वहीतली शाई पसरते आहे. हा जुलै 1861 आहे आणि तो माणूस जे लिहितो आहे त्यावर लंडनमध्ये कोणी सहजासहजी विश्वास ठेवणार नाही. या एका महिन्यात 9,300 मिलिमीटर. मागच्या ऑगस्टपासून बारा महिन्यांचे 26,461. तो अर्थात इंचांत लिहितो आहे, पण तुम्ही मनातल्या मनात आपल्या मापात आणता: 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला आणि मुंबईचा श्वास अडकला. इथे या महिन्यात असे जवळजवळ दहा दिवस झाले. बारा महिन्यांच्या पावसाचा तो जागतिक विक्रम अजून याच गावाच्या नावावर आहे.

बंगल्यातली माणसं इथे आली होती ती हवापालटाला, हा यातला विनोद. बंगालच्या उकाड्याने आजारी पडलेल्या गोऱ्या सोल्जरांना थंड हवेत बरं करायचं म्हणून 1830 च्या सुमारास चेरापुंजी निवडली. ‘सोहरा’ त्यांच्या तोंडात बसेना, त्याचं ‘चेरा’ झालं. जागा उन्हाळ्यात पाहिली होती की काय ठाऊक नाही, पण पावसाळा अनुभवल्यावर रुग्णांपेक्षा राखण करणारेच खचायला लागले. 1850 त जोसेफ हूकर नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ आला. त्याने आणि त्याच्या मित्राने एका दिवस-रात्रीत 30 इंच मोजले. या जुलैनंतर तीन वर्षांनी, 1864 त, हे अंगण, हा चौथरा, ही सगळी बिऱ्हाडं उचलून शिलाँगला जातील. महाबळेश्वर ज्यांनी वसवलं त्यांच्याच भाऊबंदांनी इथे हात टेकले.

इरलं अजून थोडं उचला आणि दक्षिणेकडे बघा. ढग क्षणभर फाटतो. कड्याखाली, जिथे सपाट जमीन असायला हवी, तिथे पाणी आहे. क्षितिजापर्यंत. सिल्हेटच्या सखल भागातले ‘हाओर’ पावसाळ्यात असे भरतात की वेगवेगळी तळी राहत नाहीत, एकच तळं होतं, आणि गावं त्यात बेटांसारखी तरंगतात. हा शब्द ‘सागर’चाच झिजलेला अवतार, असं मानतात. इथला पाऊस कळायचा असेल तर हे बघायला हवं. उपसागरावरून निघालेला वारा कित्येकशे किलोमीटर या सपाटीवरून, या पाण्यावरून येतो, त्याला कोणी अडवत नाही. मग समोर एकदम तेराशे-चौदाशे मीटरची भिंत. भिंतीला मोठमोठ्या दऱ्यांच्या खाचा, त्यात वारा नरसाळ्यात शिरावा तसा शिरतो आणि वर फेकला जातो. सह्याद्रीवर आपल्याकडे होतं तेच, फक्त इथे समुद्र दाराशी येऊन बसलेला आणि दार अरुंद. त्यातही बराचसा पाऊस रात्रीच पडतो. दिवसा लोक कामं करतात. पावसाळ्याशी जमवून कसं राहावं याचं याहून समंजस वेळापत्रक तुम्हाला कुठे मिळणार नाही.

वीस वर्षांपूर्वी, 1841 च्या जूनमध्ये, भर पावसातच थॉमस जोन्स नावाचा वेल्श मिशनरी इथे पोचला होता. त्याने खासी भाषा रोमन अक्षरांत बसवली, तीही वेल्श वळणाने. आजही खासी तशीच लिहितात. खासी लोकांची स्वतःची गोष्ट वेगळी आहे. ते सांगतात, लिपी आम्हालाही मिळाली होती. पण परत येताना पूर आला, ती तोंडात धरून पोहावं लागलं, आणि पोहता पोहता आमच्या माणसाने ती गिळली. तेव्हापासून आमचं सगळं पोटात आहे. इतक्या पावसाच्या गावात भाषेची गोष्टसुद्धा पाण्यातून जाणारच.

दुसरी क्वाई.

नोहकालिकाईला पोचता तेव्हा साल कुठलं हे विचारू नका. या धबधब्याला साल नाही. 340 मीटर, एकच उडी; मधे टप्पा नाही, कातळावर आपटणं नाही, खाली हिरवं-निळं डबकं. निदान चित्रांत तरी तसं आहे. तुमच्या समोर पांढरा पडदा आहे आणि पडद्यामागे सतत गाडी जात असल्यासारखा आवाज. अर्धा तास उभं राहिल्यावर दहा सेकंद धबधबा दिसतो, आणि ती दहा सेकंदं तुम्ही खिशातला फोन काढण्यात घालवता.

गोष्ट मात्र प्रत्येक जण सांगेल. लिकाई नावाची विधवा, तिची लहान मुलगी, दुसरं लग्न. बाई दिवसभर ओझी वाहते, घरी आली की सगळा जीव मुलीत. नवऱ्याला ते सहन होत नाही. एके दिवशी ती घरी येते, मुलगी दिसत नाही, जेवण मात्र तयार. भुकेने खाते. जेवल्यावर सवयीने क्वाईच्या टोपलीत हात घालते आणि सुपारीच्या फोडींत तिच्या बोटांना मुलीची बोटं लागतात. का लिकाईची ही उडी, म्हणून ‘नोह-का-लिकाई’. गाइड ती पाठ म्हणून दाखवतात, पर्यटक ‘अरे बापरे’ म्हणून पुढे जातात. पण पुडीतून क्वाई काढताना तुमचा हात जरा थबकतो. जिथे कूळ आईचं चालतं, घर सर्वांत धाकट्या मुलीकडे जातं, त्या समाजाने आपली सर्वांत भयंकर गोष्ट एका बाहेरून आलेल्या नवऱ्याबद्दल आणि एका मुलीबद्दल रचावी, यात लोककथा अभ्यासणाऱ्यांना बरंच सापडेल. मला तो दर वेळी फक्त टोपलीत गेलेला हात दिसतो.

इरलं खाली. चालत राहा.

आता पायाखाली फरसबंद वाट आहे, जेमतेम घोडा जाईल एवढी. हा आसाम आणि सिल्हेट जोडणारा इंग्रजांचा रस्ता. नुकतीच बर्माची पहिली लढाई संपली आहे, ब्रह्मपुत्रेचं खोरं कंपनीच्या हातात आलं आहे, आणि बंगालहून तिथे जायला या डोंगरांना मोठा वळसा पडतो. डेव्हिड स्कॉट हा कंपनीचा एजंट नोंगख्लावच्या प्रमुखाकडे, तिरोत सिंगकडे, रस्त्याची परवानगी मागतो. ती मिळते. मग रस्त्याबरोबर बंगले येतात, शिपाई येतात, आता कर लागणार अशी बोलवा येते. 4 एप्रिल 1829 ला नोंगख्लावमध्ये दोन इंग्रज लेफ्टनंट मारले जातात आणि पुढची जवळजवळ चार वर्षं हे डोंगर पेटलेले राहतात. गुहा तेव्हा पर्यटनाच्या नव्हत्या. पुढे बंदुका, वर धो धो पाऊस, आणि आत कोरडी जागा असलेलं एखादं ‘क्रेम’. क्रेम म्हणजे गुहा. ज्याला तिची मागची वाट माहीत तो जगला. याच वर्षांत इकडे पुरंदरच्या डोंगरांत उमाजी नाईक हेच करत होते. ते 1831 त पकडले गेले, 1832 त पुण्यात फासावर गेले. तिरोत सिंग जानेवारी 1833 त हाती लागले आणि त्यांना डोंगरावरून खाली, ढाक्याला नेऊन ठेवलं. 17 जुलै 1835 ला ते तिथेच गेले. स्कॉट त्यांच्याही आधी, 1831 त, सोहऱ्यातच मेला. त्याचा स्मारकस्तंभ आजही गावात आहे.

इथे मी थोडी लबाडी करणार आहे. इरल्याने साल बदलतं तसं गावही बदलू द्या. तुम्ही पश्चिमेला, गारो टेकड्यांत, चेद्रंग नावाच्या लहानशा नदीच्या काठी उभे आहात. शनिवार, 12 जून 1897. सव्वापाच वाजायला आले आहेत. नदी घोट्याएवढी, पलीकडे सालाची झाडं आणि बांबू, आणि पाऊस नुकताच थांबलेला.

आधी आवाज येतो. मग जमीन. उभं राहायचा प्रयत्न करू नका, कोणालाच जमलं नाही. रिचर्ड ओल्डहॅम या भूवैज्ञानिकाने नंतर या भूकंपाचा जो अहवाल लिहिला त्यात दगड जमिनीतून उपटून हवेत उडाल्याच्या खुणा नोंदवल्या आहेत. म्हणजे जमिनीने त्यांना गुरुत्वाकर्षणापेक्षा जोराने ढकललं. शिलाँगमधली दगडी घरं, चर्च, कचेऱ्या, सगळ्यांचे ढिगारे झाले. भारतातल्या नोंदलेल्या सर्वांत मोठ्या भूकंपांपैकी हा एक. दीड हजाराहून जास्त माणसं गेली. ऑफिसं सुटलेली, माणसं बाहेर असलेली वेळ नसती तर आकडा कुठे गेला असता कोण जाणे.

पण तुम्ही नदीकडे बघा. मिनिटभरापूर्वी जी सपाट वाहत होती तिच्या पात्रात आता आडवी पायरी आहे. जमीन फाटून एक बाजू वर उचलली गेली. काही ठिकाणी पस्तीस फुटांपर्यंत. नदी वेडीवाकडी, फाट मात्र सरळ, त्यामुळे ती नदीला परत परत कापते. जिथे वरच्या अंगाची जमीन उचलली तिथे पाणी पायरीवरून कोसळायला लागतं: धबधबा. जिथे खालच्या अंगाची उचलली तिथे पाणी अडतं, मागे पसरतं, झाडांच्या बुंध्यांवरून चढतं: तळं. धबधबा, तळं, धबधबा, तळं. ज्या गोष्टींना हजारो वर्षं लागतात असं आपण शाळेत शिकतो त्या इथे एका मिनिटात होऊन जातात. ओल्डहॅम या फाटेच्या कडेने चालला, त्याने सगळं मोजलं. याच भूकंपाच्या लहरी त्याने दूरदूरच्या यंत्रांवर तपासल्या आणि त्यातून प्राथमिक व दुय्यम लहरी वेगळ्या ओळखता आल्या; 1906 त त्याने पृथ्वीला गाभा असल्याचं याच वाटेने दाखवलं. शिलाँग मात्र वेगळा धडा शिकलं. तिथे यानंतर दगडी भिंती गेल्या आणि लाकडी सांगाड्याची, बोरूच्या कुडावर गिलावा केलेली, वर पत्रा असलेली हलकी घरं आली.

पुण्यात या दिवसांत प्लेग आणि संताप आहे. आणखी दहा दिवसांनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली जाईल. त्या गडबडीत गारो टेकड्यांतल्या नव्या तळ्यांची बातमी कोण वाचणार?

(तळ्यावरून आठवलं. काल गुवाहाटीहून वर येताना तुम्ही उमियमला गाडी थांबवली होती. ‘बडापानी’ म्हणतात सगळे. ‘उम’ म्हणजे पाणी, ‘उमियम’ म्हणजे आसवांचं पाणी. स्वर्गातून दोघी बहिणी निघाल्या, एक वाटेत हरवली, दुसरी रडली, तिच्या आसवांचं हे तळं, असं तुम्हाला भुट्टा विकणाऱ्याने सांगितलं. गोष्ट खरी, पण ती नदीची आहे. तळं 1960 च्या दशकातल्या धरणाचं, विजेसाठी बांधलेलं. भुट्टेवाल्याला हे माहीत होतं. पण धरणाच्या गोष्टीवर भुट्टे खपत नाहीत.)

परत सोहरा, गावाशेजारचं मॉमलू. जुलैत या गुहेत कोणी जात नाही, आतून पाणी धावत असतं. म्हणून इरलं जरा जास्त वेळ खाली धरा आणि माघात उचला. आकाश निळं, गवत पिवळं, आणि रस्त्याने बायका डबे-कळश्या घेऊन पाण्याला निघालेल्या. हो, इथेच. जगातल्या सर्वांत ओल्या गावांपैकी एकात फेब्रुवारीत पाण्याचे हाल असतात. मातीचा थर पातळ, झाडी बरीचशी गेलेली; एवढा पाऊस येतो आणि सरळ हाओरात जाऊन पडतो. कोकणात चार महिने चिंब होऊन एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको.

गुहेच्या तोंडाशी वाकून शिरा. इरलं बाहेर ठेवा, आत ते चालत नाही. गुडघाभर गार पाणी, मग चिखल, मग रांगत जायची एक जागा, जिथे तुमच्या वयाची आणि पोटाची एकदमच चौकशी होते. पुढे छत उंच होतं. बॅटरी विझवा.

टप्.

या अंधारात तुम्ही थेंब मोजायला लागता. तो कुठून आला? वर पडलेल्या पावसाने हवेतून आणि मातीतून कार्बन डायऑक्साइड उचलला, तो किंचित आंबट झाला, चुनखडीत मुरताना दगड विरघळवत आला. इथे गुहेच्या हवेत तो वायू सोडतो आणि विरघळलेला चुना कणभर मागे ठेवतो. छतातून लोंबती वात, खाली जमिनीतून वर येणारा खुंट. आणि हा दगड मुळात कशाचा? या भागातली चुनखडी साधारण पाच कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ, कोमट समुद्रातली आहे. तिच्यात नाण्यासारख्या चपट्या गोल कवचांचे थरच्या थर सापडतात. म्हणजे समुद्राची कवचं झाली, कवचांचा डोंगर झाला, डोंगर पाऊस पाडून घेतो आणि तो पाऊस डोंगराला खात, पुन्हा थेंब-थेंब दगड करत खाली जातो. तुमच्या क्वाईच्या पानावर बोटाने ओढलेला तो पांढरा पट्टा याच घराण्यातला.

याच गुहेतल्या एका खुंटावर जगाचा काळ टांगलेला आहे. प्रत्येक वर्षीच्या पावसाचा थोडासा चुना त्यात जमा, आणि त्या चुन्यातल्या ऑक्सिजनमध्ये पावसाची खूण. मान्सून जोरात असेल तर हलका ऑक्सिजन जास्त, मान्सून रोडावला की जड ऑक्सिजनचं प्रमाण वाढतं. खुंट उभा कापला, युरेनियम आणि थोरियम मोजून थरांची वयं काढली. साधारण 4,200 वर्षांपूर्वीच्या थरात जड ऑक्सिजन वर चढलेला दिसला आणि दीर्घ काळ तसाच राहिला. जगभरच्या इतर नोंदींतही त्याच सुमारास दुष्काळाच्या खुणा होत्या. 2018 साली भूवैज्ञानिकांच्या आंतरराष्ट्रीय संघाने पृथ्वीच्या इतिहासातल्या सध्याच्या कालखंडाची सुरुवात या थरावर ठेवली आणि त्याला नाव दिलं: मेघालयन. आपण सगळे, दादरचे असो की बर्लिनचे, कागदोपत्री मेघालयन काळात राहतो. इजिप्तचं जुनं राज्य, अक्कडचं साम्राज्य याच दुष्काळाने कोसळलं का, यावर पुरातत्त्वज्ञ अजून भांडतात. मला शंका घेणाऱ्यांची बाजू पटते: पाऊस कमी झाला हे दगड सांगतो, माणसांनी काय केलं हे तो सांगत नाही.

तर मग बॅटरी लावू नका. 4,200 वर्षांपूर्वी याच जागी उभे राहा. बाहेर पाऊस आहे, सोहऱ्यात तो अगदी थांबेल कसा, पण आजीला आठवतो तेवढा नाही. टप् आणि टप् यांच्यातलं अंतर वाढलं आहे. इथून फार लांब, प्रवरेच्या काठी, आजच्या श्रीरामपूर तालुक्यात, साधारण याच शतकांत कोणीतरी दायमाबादची पहिली घरं उभारत आहे. पुढे तिथलेच कोणी काशाचा एक रथ घडवतील, बैल जुंपलेला, वर उभा सारथी. त्याच्याबरोबर काशाचा हत्ती, रेडा आणि गेंडा. 1974 त ते सगळं जमिनीतून वर येईल. गेंडा! नगरच्या उन्हात! गेंडा बघायचा तर आता या मेघालयाच्या शेजारी, काझीरंग्याला यावं लागतं. इकडचा-तिकडचा धागा एवढाच नाही. बेळगाव-गोव्याच्या हद्दीवर, तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत रॉटनचं वटवाघूळ 1912-13 च्या सुमारास सापडलं आणि कित्येक दशकं जगात फक्त तिथेच आहे असं मानलं गेलं. पुढे ते सापडलं कुठे, तर इथल्याच, मेघालयातल्या गुहांत. हजाराहून जास्त मैलांवरचे दोन नातेवाईक, दोघेही हद्दीवर राहणारे.

बाहेर आलात की इरलं उचला, क्वाई तोंडात टाका (पाचवी, एक तुम्ही अंधारात नकळत खाल्लीत) आणि दक्षिणेला उतरायला लागा. पायऱ्या. हजारो पायऱ्या. दोनएक तासांनी गुडघे स्वतंत्रपणे बोलायला लागतात. वाटेत ओढ्यावर पूल लागतो, तो बांधलेला नाही, वाढवलेला आहे. रबराच्या वडाची मुळं या काठावरून त्या काठावर. जवळ जाऊन बघा: एका बाजूला अजून कोवळं, बोटाएवढं मूळ, पोकळ केलेल्या पोफळीच्या खोडातून नेलेलं, म्हणजे ते भलतीकडे न जाता पलीकडे पोचेल. पोचल्यावर पलीकडच्या मातीत रुजेल. पूल वापरात यायला पंधरा-वीस वर्षं तरी जातात. हे मूळ ज्याने वळवलं तो माणूस पूल वापरताना म्हातारा असेल, आणि त्याला त्यात काही विशेष वाटत नाही. इंग्रजांच्या लिखाणात या पुलांची नोंद 1844 त येते. हेन्री यूलची, तोच पुढे ‘हॉबसन-जॉबसन’ कोश करणारा.

खाली गरम होतं. पोफळी, पानवेली, तमालपत्राची झाडं, संत्री. पायथ्याशी नदी आणि नदीवर होड्या, होड्यांत पांढरा दगड. 1780 च्या आसपासचं साल असावं. सिल्हेटला रॉबर्ट लिंडसे नावाचा कंपनीचा कलेक्टर आहे आणि त्याला कलेक्टरीपेक्षा चुन्यात जास्त रस आहे. खासी लोकांकडून चुनखडी घ्यायची, पावसाळ्यात पाणी चढलं की होडीने खाली न्यायची, सिल्हेटमधल्याच छातकला भाजायची आणि कलकत्त्याला विकायची. कलकत्त्याच्या वाढत्या इमल्यांना हाच चुना. तो गडगंज होऊन स्कॉटलंडला परतला. कंपनीने बंगालला चुना लावला असं आपण म्हणतो ते अक्षरशः खरं आहे, चुना मात्र या डोंगराचा होता.

मान खाली घाला. पुन्हा उचला. ऑगस्ट 1947.

जुलैमध्ये सिल्हेटने मतदान केलं, बहुतेक जिल्हा पूर्व पाकिस्तानात गेला. तुमच्या शेजारी एक माणूस वाटेवर बसला आहे. पाठीवर निमुळती वेताची टोपली, ‘खोह’. तिचा पट्टा कपाळावर, पट्ट्याने उठवलेला वळ कपाळावर अजून ताजा. टोपलीत सुपारी आहे. तो नेहमीच्या बाजाराला निघाला होता. बाजार तिथेच आहे, दिसतोही आहे, पण आता तो दुसऱ्या देशात आहे. उतारावरच्या गावांत सुपारी कोणाला हवी, तिथे सगळ्यांच्याच अंगणात पोफळी. तांदूळ, मीठ, सुकी मासळी खालून यायची. एका रेघेने या उतारावरच्या गावांचं दुकान आणि गिऱ्हाईक दोन्ही एकदम गेलं. संत्री तर चार दिवसही थांबत नाहीत. तो तुम्हाला काही विचारत नाही. पट्टा कपाळावरून काढतो, सुपारी चाकूने फोडतो, पानाला चुना लावतो आणि तुमच्यापुढे धरतो.

ही सहावी पुडीतली धरायची की त्याची, हे तुमचं तुम्ही ठरवा.

आता शेवटचं. आजचा दिवस, तीच जागा. तारेचं कुंपण, पहारा, पाटी. पावसाळा आहे म्हणून पूर्वेकडची उमंगोट नदीही गढूळ आहे. होडी हवेत तरंगल्यासारखी दिसते ती चित्रं हिवाळ्यातली. पाणी अर्थात कोणाला विचारत नाही, सगळे ओढे पलीकडे जाऊन हाओरात पडतात. आणि अजून एक वस्तू बिनपासपोर्ट जाते. डोंगरातून एक लांबच लांब सरकता पट्टा निघतो, 17 किलोमीटरचा, शेतांवरून, नदीवरून, सरहद्दीवरून, आणि थेट छातकच्या सिमेंट कारखान्यात उतरतो. 2006 पासून. त्यावरून दिवसभर पांढरा दगड जातो. लिंडसेच्या होड्या जिथे लागायच्या तिथेच.

अंधार पडायला आला आहे. वर जायला आता इरल्याचाच आधार. मान खाली, पावलं मोजत, आणि सोहऱ्याचा बाजार पुन्हा उगवतो, विजेच्या खांबांसकट. काँग दुकान आवरत आहेत. त्या आधी इरलं उलटं करून बघतात, कामटी तुटली नाही ना, पान फाटलं नाही ना. मग दोनशे रुपये मोजून देतात. मग विचारतात, कुठवर जाऊन आलात?

तुम्ही रिकामी पुडी दाखवता. “सहा क्वाई.”

काँग मान हलवतात, म्हणजे फार लांब नाही, आणि चुन्याच्या डबीत बोट घालतात.